पहिला कमिट

ज्ञानदेवांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बायकोच्या हाताखालून माउस काढून घेतला.

"हा लागत नाही. टाइप करायचं. आधी त्याला काय सांगायचं?"

"आपलं नाव," गिरजाबाई म्हणाल्या.

"शाबास. तुला कसं माहीत?"

"तुम्हीच सांगितलंत की आत्ता."

आत्ता सांगितलं नव्हतं. काल सांगितलं होतं, परवाही सांगितलं होतं.

गिरजाबाई आईच्या जात्यावरच्या ओव्या आठवतील तशा टाइप करत. एखादा शब्द बदलला की जुना हरवायचा आणि मग त्या हळहळायच्या. ते पाहून ज्ञानदेवांनीच गिट या प्रोग्रॅमचं काढलं. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी असल्याच कामात घालवली होती. गिट फुकट मिळतं, फाइलचं प्रत्येक रूप जपून ठेवतं, केव्हाही मागं जाता येतं. नाव सांगायचं, फोल्डरमध्ये रेकॉर्ड सुरू करायचा, आणि पहिली नोंद करायची, म्हणजे कमिट. पहिल्या दिवशी एवढं झाल्यावर ते म्हणाले होते, "पटकन शिकलीस. उद्या पुढचा धडा, ब्रँच दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "गिरजा, गिट माहीत आहे का तुला?"

गिरजाबाईंनी बेसमेंटमध्ये जाऊन मुलाला, रवीला, फोन लावला. वडिलांचं विसरणं पाहून त्यानंच थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येऊन गाडीच्या किल्ल्या आपल्या बॅगेत घालून सांता क्लाराला, स्वतःच्या घरी, नेल्या होत्या. तेव्हापासून ज्ञानदेव खिडकीशी बसून असत. भाजी कोणती करू विचारलं तरी मान फिरवत. आता कुठं ते बोलू लागले होते, तेही या धड्यापुरतं.

"आई, त्यांना कळू देऊ नकोस," रवी म्हणाला. "रोज धडा झाला की रेकॉर्ड डिलीट कर. ओव्या जात नाहीत, फक्त रेकॉर्ड जातो. एकच लाइन आहे, सांगतो."

अशा रीतीनं जपायला शिकण्याआधी गिरजाबाई पुसायला शिकल्या. पण काल इथं श्रूजबरीत दिवसभर बर्फ पडला. ड्राइव्हवे मोकळा करता करता त्यांची कंबर धरली आणि त्या रेकॉर्ड न पुसता तशाच झोपल्या.

आता ज्ञानदेवांनी रेकॉर्ड सुरू करायची आज्ञा टाइप केली. उत्तराची ओळ आली. ते पुढं वाकले.

"हे तर आधीच सुरू केलेलं आहे."

"रवीनं केलं असेल. आला होता तेव्हा."

ज्ञानदेवांनी आणखी एक आज्ञा टाइप केली. बोटांना आठवावं लागलं नाही. स्क्रीनवर एकच नोंद उमटली. गिरजाबाईंचं नाव, कालची तारीख आणि खाली: पहिला धडा, गिरजा पटकन शिकली.

ते शब्द ज्ञानदेवांचेच होते.

त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला, पुन्हा लावून वाचलं. मग दाराजवळच्या, किल्ल्यांच्या रिकाम्या खुंटीकडं बघत राहिले.

"किती दिवस?"

"चहा टाकू का?"

"गिरजा."

"मोजले नाहीत हो मी."

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी रस्ता खरवडत निघून गेली. लग्न झाल्यावर गिरजाबाईंना अक्षरंही ज्ञानदेवांनीच शिकवली होती, सासू बाहेर गेली की. ती परतायच्या आत ज्ञानदेव तळहातानं पाटी पुसून टाकत. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईंना कालचं अक्षर आठवत नसे. ते पुन्हा पहिल्यापासून गिरवून घेत. काल शिकवलं होतं, असं एकदाही म्हणाले नव्हते.

ज्ञानदेवांनी कीबोर्ड जवळ घेतला. रवीनं गिरजाबाईंना सांगितली होती तीच पुसायची ओळ सावकाश टाइप केली. रेकॉर्ड गेला.

"चल. नाव टाक."

गिरजाबाईंनी एकेक अक्षर शोधून नाव टाकलं.

"हात अजून सासूला भिऊन चालतो बघ तुझा," ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं, एकही पायरी न गाळता. कमिट झाला.

"पटकन शिकलीस."

ब्रँचचं नाव त्यांनी काढलं नाही. गिरजाबाई चहा टाकायला उठल्या. त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं, तेव्हा मागून आवाज आला.

"आज मात्र आठवणीनं पुसून ठेव."