उत्तर आलं नाही, म्हणून मी ओरडलो

मित्रांनो, माझा पिवळा रंग आता उडाला आहे आणि एका कोपऱ्याला पोचाही पडला आहे. पण त्या दिवसाची गोष्ट सांगायची म्हटली की मला अजून धीर धरवत नाही. मी सौदी अरेबियातल्या जुबैलच्या कारखान्यातला एक जुना गॅस डिटेक्टर आहे. मोठ्या टाक्यांमध्ये माणसं कामाला उतरतात, तेव्हा तिथे विषारी गॅस शिरतो आहे का, यावर नजर ठेवायची, हे माझं काम.

माझा जन्म रियाधला, ओलाया भागातल्या एका उंच इमारतीत झाला. मला लांब केबलच्या टोकांना दोन सेन्सर दिले होते. एक टाकीच्या तळाशी सोडायचा, दुसरा तोंडाशी ठेवायचा. ही माझी दोन नाकंच म्हणा ना. सेन्सरला ‘गॅस किती?’ असं विचारून त्याचं उत्तर माझ्यापर्यंत आणणारा एक छोटा प्रोग्रॅम माझ्या पोटात होता. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

तो ड्रायव्हर तपासायचं काम तिथेच नोकरी करणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या नूपुरताईंकडे आलं. सगळं छान चाललं होतं. मग त्यांनी एका सेन्सरची केबल सरळ उपटून काढली. मी आपला हिरवा दिवा लावून ‘शून्य, शून्य’ म्हणतच राहिलो.

ताईंनी त्यांच्या साहेबांना, कादिर सरांना बोलावलं. दोघं हिंदीत बोलत. मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“सर, सेन्सर माझ्या हातात आहे आणि हा म्हणतोय टाकीत गॅस नाही.”

झालं होतं असं, की सेन्सरचं उत्तर आलं नाही, तेव्हा ड्रायव्हरला ‘चूक झाली’ असा इशारा मिळाला होता. पण त्या इशाऱ्याचं करायचं काय, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने तो इशारा टाकून दिला आणि मघाचाच आकडा पुन्हा पडद्यावर धरला. मग ताईंनी केबल अर्धवट ढिली करून पाहिली. आता तर तो उत्तराची वाट बघत तिष्ठतच बसला आणि दुसऱ्या सेन्सरकडे फिरकलासुद्धा नाही.

“माल जुबैलला निघालाय, नूपुर,” कादिर सर म्हणाले. “तिथे केबल कोण कशाला काढेल?”

“कोणी काढणार नाही, सर. ती तुटेल.”

सरांनी ती केबल हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी फोन उचलला आणि माल थांबवायला सांगितलं.

ताईंनी ड्रायव्हर नव्याने लिहिला. आता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आलं की नाही, हे पाहायचं. थोडंच थांबायचं, पुन्हा विचारायचं. तरीही उत्तर नसेल तर जुना आकडा पुसायचा, ‘माहीत नाही’ असं लिहायचं, लाल दिवा लावून भोंगा वाजवायचा आणि अडून न बसता दुसऱ्या सेन्सरकडे जायचं. शेवटी कादिर सरांनी स्वतः केबल उपटली, आणि मी असा कडाडलो की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आभाळ ठेंगणं झालं.

जुबैलला मात्र माझं कौतुक फार टिकलं नाही. तिथली खारी हवा आणि धूळ केबलच्या जोडांत शिरायची, सेन्सर गप्प व्हायचा आणि मी ओरडायचो. कामगार वैतागत. कोणी मला ‘रडका’ म्हणू लागलं, कोणी माझ्या भोंग्यात फडकं कोंबलं. टाकीच्या तोंडाशी पहारा करणारा अली तेवढा काम सुरू होण्याआधी ते फडकं काढायचा आणि माझे जोड पुसायचा.

आणि मग तो दिवस आला. राजापूरचे तुकाराम वेल्डर टाकीच्या तळाशी वाकून जोड लावत होते. बाहेर परांचीचा एक लोखंडी पाइप निसटला आणि माझ्या केबलवर आदळला. तळाचा सेन्सर गप्प झाला. मी विचारलं. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मी जिवाच्या आकांताने भोंगा वाजवला.

अली तोंडाशी वाकला. “तुकाराम भाई, बाहर आओ. यल्ला, जल्दी.”

“अरे, वो रडका है. रोज चिल्लाता है. एक ही जोड बाकी है.”

“झीरो नहीं दिखा रहा, भाई. कुछ भी नहीं दिखा रहा. काम छोडो, बाहर आओ.”

तुकाराम पुटपुटत शिडी चढू लागले. तोवर मी दुसऱ्या सेन्सरकडे वळलो होतो. त्याचं उत्तर आलं: शून्य. तुकारामांचं हेल्मेट टाकीच्या तोंडातून वर आलं. पुन्हा विचारलं, आणि आकडा हलला. मग वाढला. मग झरझर चढत गेला. टाकीला वरून जोडलेल्या पाइपची झडप गळू लागली होती आणि तो जड गॅस तळाकडे उतरत होता, जिथे तुकाराम मघाशी वाकलेले होते. अलीने त्यांचा दंड धरून त्यांना ओढलं आणि वारा जिकडून येत होता तिकडे दोघं पळत सुटले. मी ओरडतच होतो, पण आता मला कोणी गप्प बस म्हणत नव्हतं.

संध्याकाळी कारखान्याने ओलायाला फोन लावला. तुकारामांनी तो मागून घेतला.

“ताई, मी तुकाराम, राजापूरचा. आत मीच होतो.”

फोनवर पलीकडे नूपुरताई होत्या. त्यांनी विचारलं, “पाणी प्यायलात का तुम्ही?”

“प्यायलो,” तुकाराम म्हणाले, आणि हातात फोन तसाच धरून खाली वाळूत बसले.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, ज्याला ठाऊक नसतं त्याने ‘ठाऊक नाही’ असं म्हणावं, आणि तसं म्हणणाऱ्याचं तोंड तुम्ही कधी दाबू नका. त्याचा आवाज कर्कश वाटला, तर आधी उठून त्याची तार कुठे तुटली आहे ते बघा.