शालूतला फोटो

फोटो काढायचं ठरल्यापासून त्या मळ्यात सासू-सुनेचं एकच भांडण चाललं होतं, ललितानं फोटोत नेसायचं काय. ललिता म्हणायची लग्नातला हिरवा शालू. वत्सलाबाई म्हणायची अबोली साडी. चैत्राचं ऊन, अंगणात कांद्याचा फुफाटा, त्यात शालूचे जरीकाठ काळे पडले तर तुझा बाप नवा आणून देणार आहे का, असा सासूचा रोकडा सवाल. सूनही काही कमी नव्हती.

"आत्याबाई, फोटू काय रोज काढायचा हाय का? एकडाव निघणार, तो तरी चांगला निघू द्या."

"अंगापेक्षा बोंगा मोठा," असं म्हणून वत्सलाबाई विळा उचलायची आणि कांद्याची पात कापायला बसायची.

तसा ललिताचा हट्ट अगदीच उगाच नव्हता. तिच्या लग्नात फोटोवाला आला होता. दिवसभर जेवला-खाल्ला, ज्याला त्याला हसा हसा म्हणाला, आणि मग आठवड्यानं सांगत आला की रोलला उजेड लागला. एकही फोटो निघाला नाही. लग्नाला चार वर्षं झाली, पदरी सोनी नावाची पोरगी आली, पण शालूत आपण कशा दिसतो हे ललितानं कधी पाहिलं नव्हतं. नवरा किशोर सातपूरला कारखान्यात लागलेला. तिथं त्यानं खोली घेतली होती. खोलीच्या मोकळ्या भिंती खायला उठतात, सगळ्यांचा एक मोठा फोटो लावू, असं त्याच्याच मनात आलं, आणि निफाडच्या यादव फोटोवाल्याला त्यानंच सांगून ठेवलं. रात्रपाळी संपवून तो मोटारसायकलीनं परस्पर मळ्यात यायचा होता.

त्या दिवशी पहाटेपासून हवा कोंदली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मावळतीकडून ढग धरून आले होते आणि काढलेला कांदा वावरात उघडा पडला होता. वत्सलाबाई ढिगावर पात पसरत होती, तेवढ्यात लहानू आला. लहानू तिचा चुलत दीर, शेजारच्याच मळ्यातला. रोज सकाळी डेअरीवर दूध घालून येताना तो लांबूनच काहीतरी चेष्टा करत यायचा. आज त्यानं गाडी बांधावरच सोडली आणि टोपी हातात घेऊन जवळ येऊन उभा राहिला. वत्सलाबाईच्या हातातली पात खाली पडली.

"वयनी, डेरीवर फोन आला व्हता. सातपूरवरून."

"काय झालं?"

"किशोरच्या गाडीला ट्रकनं उडवलं. नाशिकला सरकारी दवाखान्यात आणलाय म्हणं. तब्येत जास्त हाय, घरच्यांनी निघून या, येवढंच बोलला त्याचा जोडीदार. फोन ठेवून दिला."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेलेल्या माणसाचा निरोप आमच्याकडे कधी सरळ येत नाही. घरच्यांनी वाटेतच जीव सोडू नये म्हणून सांगणारा सांगतो, तब्येत जास्त आहे, निघून या. ऐकणारा समजायचं ते समजतो आणि तिरडीला बांबू बघायला माणूस पाठवतो. गावातल्या काळूच्या बापाचा निरोप असाच आला होता. ठमाबाईच्या लेकीचा असाच आला होता. आणि वत्सलाबाईचा नवरा रंगनाथ नाशिकला दवाखान्यात होता, तेव्हा तिलाही हेच सांगितलं होतं. ती बिचारी खरं मानून फडक्यात भाकरी-पिठलं बांधून गेली. पोचली तेव्हा रंगनाथला जाऊन एक रात्र उलटली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पण फुंकून पिणं वेगळं आणि ताकाचं भांडंच लवंडून देणं वेगळं. वत्सलाबाईनं त्या सकाळी ते लवंडून दिलं.

ती मटकन ढिगावर बसली. एकुलता एक लेक. काल रात्री तो तिकडं डबा घेऊन कामावर निघाला असेल, एवढंच तिच्या मनात फिरत राहिलं. घरातून ललिताचा आवाज येत होता. ती सोनीची वेणी घालत होती आणि बाबा आले की काय म्हणायचं ते तिला शिकवत होती.

लहानूनं खाकरून विचारलं, "ललिताला न्यायची का संगं? निघायचं तर आत्ता निघू. मागं बसंल ती."

वत्सलाबाईनं एकदा घराकडं बघितलं. मग म्हणाली, "नगं. तुम्ही जा भाऊजी. बाईमाणसाचं काय काम तिथं? त्याला घिऊन या."

"तिला सांगायचं काय?"

"मी सांगंन. पण तिला आत्ता कायबी बोलू नका."

लहानू घुटमळला. पण वडीलधारी ती, त्यातून पोटचा गोळा तिचा. जशी तुमची मर्जी म्हणून तो गेला. त्यालाही निरोपाचा अर्थ तोच लागला होता.

वत्सलाबाईच्या मनात काय होतं ते सांगतो, म्हणजे तिला नुसती निष्ठुर समजू नका. तिचा स्वतःचा आयुष्यात एकच फोटो निघाला होता, रंगनाथच्या मागं जमिनीच्या कागदाला लावायला. बोडकं कपाळ, मोकळे हात, डोळे सुजलेले. कुंकू लावल्यावर आपण कशा दिसत होतो हे आता तिला आठवतसुद्धा नव्हतं. सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. ललिता तर अजून पोरच. दिवस मावळेपर्यंत तिचंही तेच होणार होतं. फोटोवाला दारात येणार आहे, शालू पेटीत आहे, मग एवढं तरी हिच्या पदरात पडू दे, असं वत्सलाबाईला वाटलं. एक फोटो निघू दे, मग सांगते. तोवर हिला सवाशीण राहू दे.

ती घरात आली तर ललितानं अबोली साडी काढून ठेवली होती. म्हातारीचं मन कशाला मोडायचं म्हणून तिनं आपणहून हार खाल्ली होती.

"ठेव ती," वत्सलाबाई म्हणाली. "शालू नेस."

ललिता बघतच राहिली. "आत्याबाई, काल तर माझा बाप काढला व्हता तुम्ही."

"काल काढला, आज सांगते. नेस म्हणलं ना."

आणि वत्सलाबाईनं स्वतः पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. शालूच्या निऱ्या तिनंच धरून दिल्या, हिरवा चुडा चढवला, आपल्या सासूची नथ बोचक्यातून काढून सुनेच्या नाकात घातली. घाईत कुंकू वाकडं लागलं. तिनं ते पदरानं पुसायला हात उचलला आणि तसाच मागं घेतला. कुंकवाला पदर लावायचं तिच्या हातून होईना. वाकड्यावरच दुसरं बोट फिरवून तिनं ते मोठं करून टाकलं.

"यवढं ठसठशीत?" ललिता आरशात बघून हसली.

फाट्यावर नाशिकच्या बसनं हॉर्न दिला. बस थांबली, दोन माणसं चढायला लागतो तेवढा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. वत्सलाबाई तिचा आवाज जाईपर्यंत ऐकत होती. स्वतः तिनं पेटीत हाताला आलं ते तपकिरी लुगडं नेसलं.

यादव फोटोवाला आला आणि त्यानं अंगणात पडदा बांधला. आभाळ उतरत चाललंय, उजेड आहे तोवर उरकू, अशी त्याची घाई. पण ललिता खुर्चीवर बसायला तयार होईना. ते आल्याशिवाय फोटो काढायचा नाही, त्यांनीच तर ठरवलाय, असं तिचं म्हणणं. यादवनं घड्याळ दाखवलं, पुढं लग्नघरी जायचं सांगितलं. ललिता हलेना. तेव्हा वत्सलाबाई पुढं झाली आणि बोलली.

"त्याचा निरोप आलाय डेरीवर. त्याला कामावर थांबवून घेतलंय. तुम्ही काढून घ्या म्हणला."

"मला नाय बोलल्या सकाळपासून?"

"इसरले."

ललितानं मान वळवून सासूकडं पाहिलं. तिला काहीतरी खुपलं खरं, पण सासू खोटं बोलेल, तेही असलं, हे तिच्या ध्यानीमनी कुठून येणार? ती बसली. सोनीला मांडीवर घेतलं. यादव म्हणाला, किशोरभाऊची जागा मोकळी ठेवतो, त्यांचा वेगळा काढून मागून जोडून देतो. मग पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या वत्सलाबाईला म्हणाला, "मावशी, जरा हसा की. लेकाच्या खोलीत लागायचाय फोटो." ती हसली. ललिताही हसली, आणि तिचं हसू खरं होतं. फोटो निघाला.

आता सांगायला पाहिजे होतं. वत्सलाबाईनं दोनदा तोंड उघडलं. पण ललितानं शालू सोडलाच नाही. संध्याकाळी का होईना ते येतील, त्यांना बघू द्या आणि मग सोडते, असं म्हणत ती घरभर वावरत राहिली. तिला तशी बघितली की म्हातारी दुसऱ्याच कामाला लागायची. जेवण झालं, दिवस कलला. दूर कुठंतरी गडगडलं आणि अंगणात टपोरे थेंब पडायला लागले. कांदा उघडा होता. ललिता उठली, शालूचा पदर खोचला आणि तशीच वावरात पळाली. पातीचे भारे उचलून ढिगावर टाकू लागली. पाऊस वाढत गेला, निऱ्या चिखलात बुडाल्या, जरीला माती लागली. वत्सलाबाई बांधावर नुसती उभी होती.

भारा हातात धरूनच ललिता थांबली. "आत्याबाई, शालू मातीत चाललाय. तुम्ही वरडत का नाय मला?"

वत्सलाबाईनं मान खाली घातली. ललिताचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं भारा खाली ठेवला. "त्यांचा निरोप काय आला व्हता?" तिनं विचारलं. त्याच वेळी फाट्याकडून जीप वळली. ती फार सावकाश येत होती आणि तिच्यामागं चार-पाच सायकली होत्या.

पुढचं सगळीकडं होतं तसंच झालं. बाया जमल्या, हंबरडे फुटले. ललिता शालूसकट किशोरच्या अंगावर पडली. कुणीतरी दबल्या आवाजात म्हणालं, नवरा तिकडं पडलेला आणि ही नटून बसली होती. वत्सलाबाईनं ते ऐकलं आणि ती सगळ्यांदेखत उठून उभी राहिली.

"तिला नका बोलू. तिला म्हाईत नव्हतं. मला सकाळीच कळलं व्हतं. मीच नटवली तिला, तिचा एक फोटू निघू दे म्हून. तो तर तवाच गेलेला व्हता."

रडणं थांबलं. जीपच्या दांडीला धरून लहानू उभा होता. तो वर न बघताच बोलला.

"गेलेला नव्हता वयनी. मी पोचलो तवा शुद्धीवर व्हता. दुपारपातुर व्हता. दोनदा म्हणला, ललिता आली का. मी म्हणलं, मागून येतीय. डेरीवर फोन लावला, पण डेरी बंद झालेली."

ललितानं मान वर करून सासूकडं पाहिलं. त्यानंतर तेरावा होईपर्यंत ती वत्सलाबाईशी एक शब्द बोलली नाही. वत्सलाबाई शिव्यांची वाट बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ताट समोर यायचं, आंघोळीचं पाणी तापायचं, अंथरूण घातलं जायचं, आणि सगळं मुक्यानं व्हायचं.

तेराव्यानंतर यादव आला. फोटो फ्रेम करून आणला होता. तो ओट्यावर ठेवून, दोघींच्या तोंडाकडं न बघता तो निघून गेला. ललितानं फ्रेम उचलली. आता तिचं कपाळ पांढरं होतं, हात मोकळे, अंगावर अबोली साडी. शालूत आपण कशा दिसतो ते ती पहिल्यांदाच बघत होती. बराच वेळ बघत राहिली.

वत्सलाबाईला राहवेना. "दे इकडं. चुलीत घालते."

"का? चांगला आलाय," ललिता म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आत्याबाई, तुम्हाला वाटलं माझं सगळं सरलंय, म्हून तुम्ही मला उसनं कुंकू लावलं. ते उसनं नव्हतं. हा फोटू काढला तवा ते जित्ते व्हते. माझी वाट बघत व्हते."

वत्सलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. ललितानं खिळा शोधला, वरवंटा घेतला आणि सासूच्या अंथरुणासमोरच्या भिंतीत तो ठोकला. फ्रेम अडकवली, दोन पावलं मागं आली.

"सरळ हाय का बघा," ती म्हणाली.

वत्सलाबाईनं डोळे पुसले आणि वर बघितलं.

"सरळ हाय," ती म्हणाली.