त्सुबामेची बाटली

मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. मित्रांनो, तोक्योत शिंजुकूमधल्या एका अरुंद इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बारच्या काउंटरमागे, मी चाळीस वर्षे उभी आहे. हा बार फुसाए-साननी बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी काढला. तेव्हा अशा जागा फारच थोड्या होत्या.

गिऱ्हाइकाने घेतलेली बाटली बारमध्येच ठेवायची आणि तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवायची, ही इथली पद्धत. पण खरे नाव कोणीच लिहीत नसे. ऑफिसात कळले तर नोकरी जाई. घरी कळले तर लग्न लावून देत. म्हणून फुसाए-साननी नियमच केला होता, की नाव विचारायचे नाही, फोन नंबर घ्यायचा नाही. माझ्या फळ्यांवर चेरी, पाऊस, मांजर अशी नावे नांदली. "किती भक्कम मांडणी!" असे कोणी म्हटले की मला धन्य वाटे.

सर्वांत वरच्या फळीवर त्सुबामेची, म्हणजे पाकोळीची, बाटली. चोवीस वर्षांपूर्वी त्सुबामे "आईला भेटून आलेच" म्हणून गेली, ती परत आलीच नाही. फुसाए-सान तिची बाटली रोज पुसतात. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा फडके मिळते.

आता ही इमारत पाडणार आहेत. रविवारी दुपारी कावासाकीहून कौमुदी आवराआवर करायला आली. पुण्याची ही संशोधक इथे चार वर्षे 'आसा', म्हणजे सकाळ, होती.

"फुसाए-सान, या त्सुबामेला कळवायचं ना?"

"कुठे कळवू? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. नियम माझाच."

"कधीच विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर पळाली असती. न विचारताही गेलीच म्हणा."

कौमुदीने आपल्या चिठ्ठीच्या मागे खरे नाव, कंसात 'चांदणे' हा त्याचा अर्थ आणि नंबर लिहून ती त्यांच्या हातात दिली.

"कौ-मु-दी. अगं, आणि मी चार वर्षं तुला सकाळ म्हणतेय!"

"कामावरून दमून आले तरी सकाळच!"

दोघी हसल्या. मग फुसाए-साननी वरची बाटली काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

मित्रांनो, मला त्सुबामेचे खरे नाव ठाऊक आहे. एकदा फुसाए-सान बर्फ आणायला खाली गेल्या होत्या, तेव्हा त्सुबामेने इथल्या फोनवरून आईला "मी बोलतेय" म्हणून नाव सांगितले होते. पण लाकडाला आवाज कुठला? मी नुसती करकरले.

"म्हातारी झाली बिचारी," फुसाए-सान म्हणाल्या, आणि पालिकेच्या गाडीने मोठा कचरा म्हणून उचलून न्यावे यासाठीचे स्टिकर त्यांनी माझ्यावर चिकटवले.

उद्या सकाळी गाडी येईल. तुमचे माणूस जवळ बसलेले असते, तेव्हाच त्याला हळूच नाव-गाव विचारा. नाही म्हणाले, तर काही दिवसांनी पुन्हा विचारा. त्सुबामेचे नाव मात्र मी तुम्हांला सांगणार नाही. ते मला एकाच बाईला सांगायचे होते, फुसाए-सानना.