वसईचा गोली

एमरिस सरांच्या लेकीने, बेथनने, कार्डिफहून फोनवर बजावलं होतं. रविवारी व्हिडिओ कॉल करीन आणि बाबांना क्लबचा इतिहास विचारीन. सांगता आला तर ते बहरीनमध्ये, झिंजच्या फ्लॅटमध्येच राहतील. नाहीतर इकडे कार्डिफच्या वृद्धाश्रमात. स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांच्या प्रश्नांवर तिचा विश्वास नव्हता. आज वार कोणता, हे तर मलाही आठवत नाही. पण आपल्या गावचा फुटबॉल क्लब विसरले तर बाबा संपले, असं तिचं म्हणणं.

"टेरेसा, मला जाऊ देऊ नकोस," सर म्हणाले. चाळीस वर्षं काढली त्यांनी बहरीनमध्ये. त्यांची देखभाल करणारी मी, माझा व्हिसाही त्यांच्याच नावावर. वसईला परत जाऊन कुणाचा बीपी मोजू?

म्हणून रोज नाश्त्याला खबूस, चहा आणि इतिहास. वेल्समधल्या खाणकामगारांनी क्लब काढला. मैदान नदीकाठी. पुरात गोलपोस्ट वाहून गेले, तेव्हा बायकांनी केक विकून नवे आणले. खाण बंद पडली, पोरं गाव सोडून गेली, तरी शनिवारी कसेबसे अकरा जण जमायचेच. आणि एकदा कपमध्ये मोठ्या शहराला हरवलं, ते गोलकीपरने शेवटची पेनल्टी अडवली म्हणून. तो गोलकीपर म्हणजे सरांचे वडील, लूएलिन.

हे नाव मला मेलं कधी जमलं नाही. पहिला ल म्हणे जिभेच्या कडेने हवा सोडत काढायचा. मी सोडली की सरांच्या चष्म्यावर थुंकी. आपल्या ळ वर भागेल असं वाटलं होतं, नाही भागलं. शेवटी सरच हसून म्हणाले होते, "तुझा नवरा गोली होता ना? मग पायस म्हण." तेव्हा त्यांचं डोकं ठणठणीत होतं. माझ्या पायसने उभ्या जन्मात एक पेनल्टी अडवली नव्हती. वर बसून खूश झाला असेल.

रविवारी मी सरांची दाढी केली, गळ्यात क्लबचा लाल स्कार्फ घातला, फोन पाण्याच्या जगला टेकवला. खाण, नदी, केक, सगळं घडाघडा. बेथन हसता हसता डोळे पुसत होती. मी मनातल्या मनात मेरीमातेला मेणबत्ती कबूल केली.

"आणि पेनल्टी कोणी अडवली, बाबा?"

"पायसने."

"कोण पायस?"

"आमचा गोली. वसईचा."

फोनमागे उभी राहून मी जीभ टाळूला लावून, तोंड वाकडं करून हवा सोडत होते. सर माझ्याकडे बघून हसले. "यल्ला टेरेसा, तूच सांग तिला. नवरा तुझा."

"बाबा, ते आजोबा होते," बेथन म्हणाली.

मी पुढे झाले. "बेथन, चूक माझी आहे. मला ते नाव घेता येत नाही, म्हणून..."

"टेरेसा, प्लीज. त्यांचे वडील होते ते." मग हळूच म्हणाली, "शुक्रवारचं तिकीट काढते."

आज त्यांची बॅग भरतेय. उन्हाळी शर्टांच्या घड्या घालताना ते नाव पुटपुटायचा चाळा लागलाय. आणि मघाशी एकदम जमलं. हवा बरोबर कडेने गेली, थुंकी नाही. मी सरांच्या खुर्चीसमोर बसले आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा जमलं.

सरांनी कौतुकाने ऐकलं.

"छान नाव आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे खेळायचा का?"