जोआनाने भरवलेली शाळा

जोआना व्हिटलॉकच्या फीबीला सात वर्षं झाली तरी वाचता येत नव्हतं. टेकडीवरच्या श्रीमंत शाळेत हे लपवावं लागलं असतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या सखल भागातल्या आल्डर स्ट्रीटच्या सरकारी शाळेत ते तत्त्वाखाली झाकून जाई. "आम्ही मुद्दाम इथे घातलंय तिला," असं जोआना कुणाकडेही जेवायला गेली की दुसऱ्या घासाच्या आत सांगे. "पोरांना खरं जग कळायला नको?"

खरं जग शाळेत जिन्याखालच्या खोलीत बसे. तिथे मिस टिब्ज रोज चार कच्च्या पोरांना वाचायला शिकवायच्या. त्यांत फीबी होती, एल साल्वादोरहून आलेल्या नोएमीचा विल्बरही होता. नाताळपर्यंत दोघं एका ओळीत दोनदाच अडखळू लागली. जोआनाला गहिवरून आलं. आणि गहिवर आला की ती समाजकार्याला लागे.

आळीतल्या डॉक्टर-वकिलांना तिने घरी बोलावलं, चीज आणि लाल वाइन पुढे केली. "आपणच टेकडीवर पळालो तर या शाळेला वाली कोण?" अशा वाक्यांनी पुढच्या वर्षासाठी तिने एकवीस घरं गळाला लावली.

मुख्याध्यापिका बूड्रो बाईंनी तिला बाजूला घेतलं. "जरा दमानं घ्या हो. शंभरात चाळीस पोरं गरीब असली तरच सरकार आपल्याला जादा पैसे देतं. मिस टिब्जचा पगार त्यातूनच निघतो. आत्ता एक्केचाळीस आहेत."

"आम्ही आकडे नाही बघत," जोआना हसून म्हणाली, "माणसं बघतो."

सप्टेंबरात मोजणी झाली. सदतीस. मिस टिब्जची जागा गेली. पालकांच्या सभेत नव्या एकवीस घरांनी हळहळून वर्गणी काढली. चांगली घसघशीत जमली. त्या पैशांचं काय करायचं यावर मतदान झालं आणि भाजीचे वाफे निवडून आले. पोरांना माती कळायला हवी, यावर एकमत होतं.

फीबी पुन्हा अडखळू लागली तशी जोआनाची झोप उडाली. तिने मिस टिब्जना घरी शिकवायला बोलावलं. तासाचा दर ऐकून म्हणाली, "बापरे! शाळेत हेच फुकट होतं."

"फुकट नव्हतं, बाई," मिस टिब्ज चष्मा पुसत म्हणाल्या. "तुमच्यासारखे कमी होते, म्हणून मिळत होतं."

जोआनाने हे विनोदात जमा केलं आणि मंगळवार-गुरुवार ठरवून टाकले.

दोन आठवड्यांनी नोएमी विल्बरला घेऊन दारात उभी राहिली. "ताई, हा कोपऱ्यात बसेल. तोंड उघडणार नाही. मी निम्मे पैसे देते."

"अगं, पैशाचं काय घेऊन बसलीस!" जोआनाने तिचे हात हातांत घेतले. "पण फीबीचं लक्ष फार चटकन उडतं गं. एकटीलाच शिकवावं लागतं तिला." आतून मिस टिब्जचा आवाज येत होता: "बोट अक्षराखाली ठेव." विल्बरने आपलं बोट आपोआप पुढे केलं. नोएमीने ते मुठीत धरलं आणि त्याला पायऱ्या उतरवल्या.

फेब्रुवारीपर्यंत फीबी घडाघडा वाचू लागली. जोआना मदतनीस म्हणून वर्गात गेली तेव्हा वर्गाच्या बाईंनी मुलांच्या जोड्या लावल्या होत्या: वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला वाचून दाखवायचं. फीबी विल्बरला वाचून दाखवत होती. त्याने पान उलटायला हात घातला तशी तिने फटका मारला. "थांब! संपलं की नाही ते तुला कुठे कळतंय?"

जोआनाचे डोळे भरून आले. तिने फोटो काढला.

शाळा सुटल्यावर फाटकाशी तिने तो नोएमीपुढे धरला. "बघ तरी, किती मायेनं वाचून दाखवतेय त्याला!"

नोएमीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. "याचं तोंड का दिसत नाही?"

"लाजलाय गं," जोआना म्हणाली आणि फोटो एकवीस घरांना पाठवून दिला.