हाताचं माप

आमच्या स्टुडिओत शिरलं की उजवीकडची भिंत घाणेरडी दिसते. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघाच रेघा आहेत. नवीन गिऱ्हाईक ती बघून नाक मुरडतं आणि मी त्यालाच तिथे नेऊन उभं करते. "हात सैल सोडा. आता पाय घसरलाय असं समजा आणि भिंत धरा. बघायचं नाही." हात पडेल तिथे मी रेघ मारते. घरातल्या प्रत्येकाची एक रेघ, शेजारी नाव. त्यावरून त्यांच्या घरातला कठडा, कडी, ओटा सगळं ठरतं. छापील मापांची पुस्तकं मिळतात, पण त्यातली मापं सरासरी माणसाची. इतकी वर्षं या धंद्यात आहे, सरासरी माणूस अजून एकदाही आमच्या दारात आलेला नाही.

स्टुडिओ म्हणजे मी आणि इंजिनिअर. आम्ही मातीच्या विटांची घरं बांधतो, मोडीत निघालेली दारं-खिडक्या गोळा करून पुन्हा वापरतो, छपरावरचं पाणी टाकीत उतरवतो आणि पंख्याशिवाय झोप लागेल अशा खोल्या काढतो. मधूनच एखाद्या वस्तीसाठी वाचनालय, बाग, बसायची जागा असलं कामही घेतो. त्यात डोकेदुखी फार, पण मला तेच जास्त आवडतं. संध्याकाळ झाली की इंजिनिअर घरी जातो. त्याची बायको त्याला उशीर झाला म्हणून फोनवर झापते, ते मला इथपर्यंत ऐकू येतं. मी जिना चढून वर जाते. वर माझी खोली आहे. जिना चांगलाच उभा, त्याला कठडा नाही, आणि माझे गुडघे हल्ली माझं ऐकेनासे झालेत. दुसऱ्या कुणाच्या घरात मी असला जिना काढला असता तर इंजिनिअरने मला फाडून खाल्लं असतं.

आमची आणखी एक रीत आहे. घरात राहायला जाऊन वर्ष झालं की मी तिथे एक दिवस जाऊन बसते. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. घडीचं स्टूल नेते आणि ऊन सरकेल तशी सरकत राहते. कुठली खोली तापते, चपला कुठे साठतात, माणसं खरोखर कुठे बसतात आणि मी कुठे बसतील असं समजले होते, सगळं दिसतं. इंजिनिअर याला उन्हाची हजेरी म्हणतो. संध्याकाळी घरच्यांना विचारायचं, काय बदलायचंय? जे सांगतील ते करून द्यायचं. खरं सांगते, हे दिवस मला फार आवडतात. कुणीतरी चहा घेणार का विचारतं. कुणीतरी कुणावर तरी ओरडत असतं. मला तेही ऐकायला बरं वाटतं.

या वेळची हजेरी माझ्या मुलाच्या घराची होती.

त्याचं घर काढताना मी एक खोली जास्तीची काढली होती. नकाशावर लिहिलं, पाहुण्यांची खोली. पूर्वेला खिडकी, खिडकीत ऐसपैस बैठक, आणि तिथून स्वयंपाकघराचं दार दिसेल अशी तिची जागा. एका वस्तीच्या बागेत बाकं मांडताना मी हे इंजिनिअरशी भांडून भांडून पटवलं होतं, की एकट्या माणसाला कोपरा नको असतो. त्याला कड हवी असते, जिथून येणारे-जाणारे दिसतात आणि आपण कुणाच्या पायात येत नाही. खोलीला उंबरा ठेवला नाही, दार रुंद घेतलं, आणि बाथरूमच्या वाटेवर भिंतीला लाकडी दांडा लावला. त्याची उंची स्टुडिओच्या भिंतीवरच्या एका रेघेवरून घेतली. त्या रेघेशेजारी नाव नाही. इंजिनिअर घरी गेल्यावर मी स्वतःच तिथे उभी राहिले होते, एक हात सैल सोडला होता आणि दुसऱ्या हाताने रेघ मारली होती.

मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत म्हणून आत लाकडाची उभी पट्टी गाडून घेतली. चांगली लांब घेतली, दांड्याच्या खाली आणि वरही. वय झालं की माणूस वाकतं, तेव्हा दांडा खाली घेता यावा.

"तुझा मुलगा धडधाकट, सून बॅडमिंटन खेळते," इंजिनिअर नकाशा बघून म्हणाला. "हा दांडा कुणाला?"

"पाहुण्यांना."

"लंगडे पाहुणे येणार आहेत वाटतं." तो सगळं ओळखून होता. "मुलाशी बोल एकदा."

"कसं बोलू?"

"तोंडाने."

मी बोलले नाही. आईने मागायचं आणि मुलाने हो म्हणायचं, हे मला नको होतं. त्याने आपणहून म्हणायला हवं होतं, आई, जिना पुरे झाला, ती खोली तुझीच आहे. हजेरीच्या दिवशी तो नक्की म्हणेल असं मी मनाशी धरून चालले होते. इतकी, की निघताना पिशवीत औषधाच्या गोळ्या आणि रात्रीचे कपडे घातले. सुनेचे वडील गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार दिवस तिथे येऊन राहिलेत, हे मुलगा फोनवर म्हणाला होता. पण त्याला बरेच दिवस झाले होते. परत गेले असतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

दार मुलाने उघडलं. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. "आई, खरंच उजाडताना आलीस? निदान आमच्याकडे तरी जरा उशिरा यायचंस."

"रीत म्हणजे रीत," मी म्हणाले आणि स्टूल घेऊन थेट पूर्वेच्या खोलीकडे गेले. पहिलं ऊन तिथेच येणार होतं.

"या, या, विहीणबाई!"

खिडकीतल्या बैठकीत व्याही बसले होते. मांडीवर पेपर, गुडघ्यांवर ऊन. समोरच्या भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो, त्याखाली त्यांचं जुनं घड्याळ. दोन्ही खिळ्यांना टांगलेली. मातीच्या भिंतीत कुणी खिळा ठोकला की मी एरवी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी मी स्टूल उघडलं आणि बसले. चार दिवसांसाठी आलेलं माणूस खिळे ठोकत नाही.

"तुम्ही माझ्या मनातलं ओळखलंत कसं हो?" ते म्हणाले. "इथे बसलो की लेक स्वयंपाकघरात काय करतेय ते दिसतं. बोलायचं नसलं तरी घरात माणूस आहे हे कळतं. ही गेल्यापासून त्या फ्लॅटमध्ये मी टीव्हीशी बोलत होतो. बातम्या देणारा पोरगा माझ्याहून जास्त कंटाळला असेल."

राग करावा असा माणूसही नाही तो. त्याचाच मला जास्त राग आला.

स्वयंपाकघरात सूनबाईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि मुलाकडे एकदा बघून घेतलं. "आई, आम्ही बाबांना इथेच ठेवून घ्यायचं ठरवलंय. तुम्हाला चालेल ना?"

"घर तुमचं. मला कशाला विचारता?"

"मी म्हटलंच हिला," मुलगा म्हणाला. "आईचं काही नाही गं. तिला स्टुडिओशिवाय करमतच नाही. दोन दिवस इथे ठेवली तर तिसऱ्या दिवशी भिंत पाडायला घेईल."

ती हसली, तो हसला, मीही हसले. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. तोंडाने, असं इंजिनिअर म्हणाला होता. तोंडात चहा होता. तो गिळला, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही गिळलं.

मग मी माझं काम केलं. स्टूल उचलायचं, दोन पावलं सरकायचं, पुन्हा बसायचं. दुपारी बाहेर रस्ता भाजत होता आणि आत मातीच्या भिंतींना हात लावला तर गार लागत होतं. छपराखालच्या झडपांतून गरम हवा बरोब्बर वर जात होती. घर जसं काढलं होतं तसंच चालत होतं. एरवी मी अशा वेळी इंजिनिअरला फोन करून बढाया मारते. त्या दिवशी फोन पिशवीतून काढलासुद्धा नाही. सूनबाई दोनदा वडिलांना गोळ्या द्यायला गेली. ते आतून काहीतरी म्हणाले आणि ती खळखळून हसली. मी हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले होते. मला एकटं राहायची सवय आहे, पण माणसांनी भरलेल्या घरात एकटं बसायची नाही. ते फार लागलं.

"पिशवीत काय भरलंयस एवढं?" मुलाने जाता जाता पायाने पिशवी बाजूला सारली.

"हत्यारं," मी म्हणाले.

ऊन पश्चिमेच्या खिडकीतून उतरायला लागलं तेव्हा मी सगळ्यांना बोलावून विचारलं, काय बदलायचंय? सूनबाई काहीच नाही म्हणाली. मुलगा म्हणाला, वाऱ्याने टाकीचं झाकण वाजतं. व्याही बराच वेळ घुटमळले.

"रागावणार नसाल तर सांगतो. तो बाथरूमकडचा दांडा. लई, म्हणजे फारच उपयोगी आहे, पण माझ्या उंचीला जरा खाली पडतो. धरायला वाकलो की सगळा भार गुडघ्यावर येतो. चार बोटं वर असता तर…"

"बाबा, असू दे हो," सूनबाई म्हणाली.

"असू दे काय?" मी म्हणाले. "विचारलं कशाला मग?"

त्यांना भिंतीपाशी उभं केलं. "हात सैल सोडा. पाय घसरलाय असं समजा आणि भिंत धरा. बघायचं नाही." इतक्या लोकांना हे सांगितलंय, पण तेव्हा आवाज माझाच मला परका वाटला. त्यांचा हात पडला. मी रेघ मारली. मुलाने स्क्रू काढून दांडा माझ्या हातात दिला आणि वरचा गिलावा खरवडला.

"अरे, पट्टी इथपर्यंत आहे!" तो म्हणाला. "म्हणजे दांडा हलवावा लागणार हे तुला आधीच माहीत होतं."

"हो," मी म्हणाले.

दांडा नव्या जागी बसला. व्याही बाथरूमपर्यंत गेले आणि परत आले, नवीन बूट मिळालेल्या पोरासारखे. "आता कसं! पण विहीणबाई, आधीचं माप कुणाचं होतं हो?"

"पुस्तकातलं," मी म्हणाले. "सरासरी माणसाचं."

"आई, तू? पुस्तकातलं माप?" मुलाला हसू आवरेना. "थांब, इंजिनिअरकाकांना सांगतो."

"सांग."

व्याही आणि सूनबाई जेवणाचं बघायला गेले. "आई, जेवूनच जा," ती जाता जाता म्हणाली. प्रत्येक घरासोबत आम्ही त्याच जागेच्या मातीचा एक डबा देतो, डागडुजीसाठी. मी त्यातली माती भिजवली आणि दांडा आधी जिथे बसवला होता तिथले दोन खळगे बुजवले. वरून तळव्याने सारखं केलं. मुलगा खाली सांडलेला गिलावा सुपात गोळा करत होता. मी हात धुवायला वळले आणि गुडघ्यात कळ आली. पाय सरकला. हात आपोआप भिंतीकडे गेला आणि थेट ओल्या मातीत पडला, जिथे दांडा होता तिथेच.

मुलाने वर बघितलं. मातीत माझी चार बोटं उमटली होती. त्याने बोटांकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग वरच्या दांड्याकडे. हातातलं सूप तसंच धरून तो उभा राहिला. त्याला कळलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

"बघत काय राहिलास?" मी म्हणाले. "थोडं पाणी दे."

त्याने पाणी दिलं. मी बोटांचे ठसे पुसून माती पुन्हा सारखी केली. ओली होती म्हणून बाकीच्या भिंतीपेक्षा काळी दिसत होती.

"वाळली की कळणार नाही," मी म्हणाले.

तो काही बोलला नाही. माझ्यावरच गेलाय तो.