झडपेवरचा घण

सोलापुरातल्या त्या गिरणीत कोळशाचा खप सलग चार वर्षं चढत होता. देशभर तेच चाललं होतं. जिकडंतिकडं नव्या गिरण्या, नवी इंजिनं. पण गिरणीचा कारभार बघणाऱ्या एजंटसाहेबांना देशाशी कर्तव्य नव्हतं. यंदा आपला खप उतरला नाही तर बायलरवरची माणसं उतरवीन, असं त्यांनी बजावलं होतं. दाब फार वाढला की बायलर फुटू नये म्हणून झडप आपोआप उघडायची. पण तेव्हापासून तिच्यातून जादा वाफ फुसकारली की हेड फायरमन आबासाहेब वर बघून चरफडायचे. वाफ गेली म्हणजे कोळसा गेला.

खंडेनवमीला सकाळी हत्यारांची पूजा झाली. सुट्टी दसऱ्याला, त्यामुळं भट्ट्या पेटत्याच होत्या. आबासाहेबांनी घण तांबड्या फडक्यात बांधून झडपेच्या दांड्यालाच टांगला आणि तिथंच पुजला.

दुपारपाळीला मैंदर्गीचा फायरमन गुरुलिंग आला. फावडं मारता मारता त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. झडप गप्प होती. देवीनं वाफ राखली, असं आबासाहेब खुशीत सांगत होते. गुरुलिंगनं दाबाचा काटा पाहिला. तो लाल रेघ ओलांडून गेला होता. मग त्यानं घणाच्या वजनानं दबलेला दांडा पाहिला आणि फावडं खाली टाकलं. भिंतीपलीकडं सुताच्या रीळखात्यात त्याची बायको मल्लव्वा होती.

"आबासाहेब, घण काडा की."

"पुजल्यालं हत्यार दसऱ्याआदी उचलायचं? खुळा हायस का?" आबासाहेब हसले. "काटा म्हातारा झालाय. टाक कोळसा."

तेवढ्यात बायलरचे पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या ओळीतून वाफेची बारीक शीळ उठली. आबासाहेबांचं हसू तिथंच वाळलं.

"देवी कोपंल रं," आबासाहेब पुटपुटले.

"मल्लव्वा पलीकडं हाय," गुरुलिंग म्हणाला, आणि त्यानं भट्टीचं दार उघडून आकडीनं विस्तव बाहेर ओढायला सुरुवात केली. लालभडक निखारे फरशीवर पसरले. धोतराचा काठ करपला तरी त्याचं लक्ष नव्हतं. आबासाहेब शिडी चढले. डोळे मिटून त्यांनी घणाखाली खांदा दिला, अन् हळूच वजन उचललं.

झडप अशी गरजली की आख्खी गिरणी बाहेर धावली. इंजिन मंदावलं, माग थांबले. मल्लव्वा दारात आली, तेव्हा गुरुलिंग आकडी टाकून तिच्याकडं धावला.

एजंटसाहेब फरशीवर विझत चाललेल्या कोळशाच्या ढिगाकडं बघत उभे राहिले. विस्तव कुणाच्या हुकुमानं काढला, असं त्यांनी विचारलं.

घण अजून आबासाहेबांच्या खांद्यावरच होता.

"माझ्या," ते म्हणाले.